जीबीएस होऊन गेलेल्या पायलटला पुन्हा क्लास १ मेडिकल (व्यावसायिक उड्डाणासाठी लागणारा वैद्यकीय दाखला) मिळतं का? (माझा भाऊ, सीपीएलधारक म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना असलेला, सध्या सोलापुरात घरी)

हो, मिळू शकतं. गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) हा मेंदूचा नव्हे, हातापायांच्या नसांचा आजार आहे. तो बहुतेकांना एकदाच होतो आणि त्यात फिट येत नाहीत, त्यामुळे उड्डाणात अचानक शुद्ध हरपण्याची जी भीती अपस्मारात असते ती इथे नसते. मी सोलापुरात न्यूरो-फिजिओथेरपी करते, म्हणून सांगते: खरा प्रश्न घोट्यांचा असतो. या आजारात ताकद शेवटी परतते ती पावलांत, आणि विमानाचे ब्रेक रडर पेडलवर पंजानेच दाबायचे असतात. भाऊ चालायला लागला म्हणून घाई करू नका. टाचांवर आणि चवड्यांवर आधाराशिवाय चालता येऊ दे.

इथल्या डॉक्टरांचा फिटनेस दाखला पुरत नाही, निर्णय डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा असतो. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनसारख्या मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी होते. सोबत हे न्या:

- डिस्चार्ज समरी, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली अँटीबॉडीज) किंवा प्लाझ्मा बदलल्याच्या नोंदींसह
- आजारातला आणि आत्ताचा, असे दोन्ही एनसीव्ही (नसांतून संदेश जाण्याचा वेग मोजणारी चाचणी) रिपोर्ट
- न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, प्रत्येक स्नायूगटाची ताकद आकड्यांत लिहिलेलं

आधी ‘तात्पुरते अनफिट’ असा शेरा आला तर खचू नका, मुदतीनंतर पुन्हा तपासणी होते. मात्र अशक्तपणा आठ आठवड्यांनंतरही वाढत राहिला किंवा पुन्हा पुन्हा उलटला, तर तो सीआयडीपी, म्हणजे नसांचाच पण दीर्घकाळ चालणारा आजार असू शकतो. मग वरचं उत्तर लागू नाही, आधी निदान पक्कं करून घ्या.