कूलंट कमी होतंय म्हणून लगेच हेड उघडू नका

तुम्ही म्हणताय की तुमच्या हलक्या विमानाच्या रोटॅक्स ९१२ इंजिनातलं कूलंट (थंड ठेवणारं द्रव) दर उड्डाणानंतर थोडं कमी होतं, मागच्या सिलिंडरखाली हिरवट डाग दिसतो, म्हणजे हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) उडालं असणार. थांबा जरा. या इंजिनात सिलिंडर वाऱ्यावर थंड होतो, कूलंट खेळतं ते फक्त हेडमध्ये, त्यामुळे गाडीचं ते निदान इथे चालत नाही. गळतंय ते होजमधून, क्लिपपाशी, हेडवरच्या एल्बोतून (वाकड्या नळीच्या जोडातून) किंवा कूलंटच्या पंपातून, आणि यातलं काहीच नसेल तर मग हेडला तडा.

आणि डाग जिथे तिथेच गळती असं समजू नका, प्रोपेलरचा वारा थेंब पार मागे नेतो. मी स्वतः मागच्या हेडपायी दोन दिवस घालवलेत, गळत होता पुढच्या हेडचा एल्बो! शेवटी काउल (इंजिनावरचं आवरण) काढून सगळं पुसून कोरडं केलं, इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीच्या तोंडाला हातपंप लावला, टोपीवर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरली आणि टॉर्च घेऊन बसलो. बऱ्याच वेळाने एल्बोच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढा थेंब जमला. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, बाकी नुसते ओघळ.

पंपाखालचं बारीक भोकही बघा, तिथून कूलंट ठिबकत असेल तर पंपाचं सील गेलंय.

बाहेर सगळं कोरडं असेल तर मग आतला संशय. इग्निशनची दोन्ही सर्किट बंद करून प्रोपेलर हाताने सावकाश फिरवा, मधेच अडला तर अजिबात जोर लावू नका, सिलिंडरमध्ये कूलंट साठलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. खालचे प्लग काढून बघा, एखादा ओला आणि गोडसर वासाचा निघतो का (चव घेऊ नका, ग्लायकॉल विषारी असतं). मग डिफरन्शियल कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती गळते ते बघायचं), पण कूलंटच्या टाकीची टोपी उघडी ठेवून, टाकीत बुडबुडे आले की तडा पक्का. प्रोपेलर घट्ट धरायला दुसरा माणूस हवाच, हवेच्या दाबाने प्रोपेलर झटका मारतो.

तडा गरम असतानाच उघडत असेल तर थंड टेस्टमध्ये सापडणार नाही, उलट सैल क्लिप बरेचदा थंडीतच ठिबकते. गळती सापडेपर्यंत उडू नका, ग्लायकॉल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेटू शकतं.

आणि हो, ओव्हरफ्लो बाटलीची (तापल्यावर टाकीतून बाहेर येणारं कूलंट जिथे जमतं ती) पातळी उड्डाणाआधी किती आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर किती ते लिहा. बाटलीची नळी हवा ओढत असेल तर बाहेर गेलेलं कूलंट परत येतच नाही, आणि आपण उगाच गळती शोधत बसतो.