बाबांचा गाऊट आणि एमएस्सीचा निर्णय

प्रश्न: मी लातूरला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांना गाऊट आहे. प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइममुळे सूज येते असं वाचलं, तेव्हापासून इम्युनॉलॉजीच (रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र) करायचं डोक्यात आहे. घरचे म्हणतात, बीएड कर. काय करू?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांचं दुखणं बघून पडलेला प्रश्न आहे, तो सोडू नकोस.

गाऊटमध्ये युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठतात. भक्षक पेशी ते गिळतात आणि त्यांच्या आत कॅस्पेज-१ हे प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, जागं होतं. इंटरल्युकिन-१ बीटा हा सुजेचा निरोप्या तोवर निष्क्रिय पडून असतो. कॅस्पेज-१ नं त्याचा तुकडा छाटला की तो कामाला लागतो. हेच एन्झाइम गॅस्डरमिन-डी नावाचं प्रथिनही कापतं. त्यानं पेशीच्या पडद्याला भोकं पडतात आणि निरोप्या बाहेर निसटतो. मग रातोरात अंगठा लालभडक, पांघरूण लागलं तरी जीव कळवळतो! जंतू शिरल्यावर मात्र हीच कात्री आपल्याला वाचवते. कॅस्पेज-१ सापडलं १९९२ मध्ये आणि गॅस्डरमिनचं काम उलगडलं थेट २०१५ मध्ये. या विषयात अजून खूप करण्यासारखं आहे, ते यासाठीच म्हणते.

पण इम्युनॉलॉजी हे नाव बघून कोर्स निवडू नकोस. आधी एन्झाइम हाताळायला शीक. एमएस्सी बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीतूनच कर. आयआयटी जॅम आणि गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षांची तयारी आत्तापासून लाव. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पुण्यात एनसीसीएस ही पेशींवर काम करणारी संशोधन संस्था आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, हे घरी लपवू नकोस.

या सुट्टीत एक कर. कॉलेजच्या लॅबमध्ये स्किम मिल्क अगारच्या (साय काढलेलं दूध घातलेलं, जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) प्लेटवर शेतातली माती पाण्यात पातळ करून पसरव. एक-दोन दिवसांत जंतूंच्या काही वसाहतींभोवती दुधाळ अगार विरून स्वच्छ कडं दिसेल. तिथं जंतूंच्या प्रोटिएझनं दुधातलं केसीन हे प्रथिन कापलंय. कडं मोजायचं, तापमान बदलायचं, पुन्हा मोजायचं. महिनाभर हे करूनही कंटाळा आला नाही, तर संशोधनाकडे जा.

आणि बीएड एमएस्सीनंतरही करता येतं, ते दार बंद होत नाही. घरी बोलायला बसशील तेव्हा हे आधी सांग, मग बाबांना त्या प्लेटचा फोटो दाखव.