शेणखत की गोणी? कर्ब टिकवायचा तर दोन्ही एकत्र

प्रश्न : निफाड तालुक्यात काळी जमीन आहे, उन्हाळ कांदा करतो. माती तपासली तर सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आणि सामू (पीएच) ८.३ आला. वडील म्हणतात नुसतं शेणखत टाक, दुकानदार म्हणतो सेंद्रिय आणि खनिज मिक्स असलेलं दाणेदार खत घे, कर्बही वाढेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : दादा, आधी कर्ब टिकतो कसा ते बघा, मग दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर आहे हे तुम्हालाच दिसेल. शेतात पडलेलं शेणखत, पात, पालापाचोळा सूक्ष्मजीव खातात, त्यातला बराचसा कर्ब हवेत निघून जातो आणि थोडाच त्यांच्या अंगी लागतो, ते मेले की तो मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण जीवाणूंचं शरीर नुसत्या कर्बाचं होत नाही ना! ह्युमसमध्ये, म्हणजे कुजून मातीत टिकलेल्या सेंद्रिय भागात, १ टन कर्ब साठायला साधारण ८० किलो नत्र, २० किलो फॉस्फरस आणि १४ किलो गंधक लागतं, ते नसेल तर तुम्ही ट्रॉल्याच्या ट्रॉल्या ओतल्या तरी कर्ब जळूनच जातो. देशात १९७० पासून चालू असलेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांतही नुसत्या रासायनिक खतापेक्षा रासायनिक खत अधिक शेणखत इथेच कर्ब आणि उत्पादन दोन्ही जास्त टिकलेलं दिसतं.

आता दाणेदार खताचं. एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटर थर अंदाजे ८०० टन भरतो, म्हणजे कर्ब ०.१ टक्का वाढवायचा तर ८०० किलो कर्ब जमिनीत टिकायला हवा, आणि ५० किलोच्या गोणीत २० टक्के कर्ब असला तरी तो होतो १० किलो. हिशोब तुम्हीच करा. खत वाईट नाही, त्यातलं अन्नद्रव्य पिकाला मिळतं, पण पैसे मोजायचे ते गोणीवर छापलेल्या नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे, 'कर्ब वाढतो' या बोलण्याचे नाही.

हेच मिश्रण घरी होतं की. एकरी ५ टन चांगलं कुजलेलं शेणखत घ्या, टनाला २५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट थराथराने मिसळा, ओलावा ठेवून झाकून टाका आणि लागणीआधी शेतात घाला. अडीच गोण्या सुपरमध्ये २० किलो स्फुरद आणि वर १४ किलोच्या आसपास गंधक येतं, कांद्याला एकरी साधारण तेवढंच लागतं. तुमच्या चुनखडीच्या जमिनीत मोकळं टाकलेलं स्फुरद चुन्याला बांधलं जातं, शेणखतात गुंडाळून दिलं की मुळांना जास्त काळ मिळतं. युरिया मात्र ढिगात घालू नका, अमोनिया उडून जातो. तो लागणीला आणि नंतर हप्त्याने द्या, पण २ महिन्यांच्या पुढे नकोच, मान जाड होते आणि असला कांदा चाळीत सडतो.

प्रश्न : दिंडोरीत द्राक्षबाग आहे. छाटणीच्या काड्या बांधावर जाळतो, त्या जमिनीत घातल्या तर चालतील का? आणि रॉक फॉस्फेट स्वस्त पडतं, ते टाकू का?

उत्तर : ताई, काड्या जाळू नका, तुमच्या बागेतलाच कर्ब आहे तो! श्रेडरने बारीक करा. फक्त काडीत कर्ब खूप आणि नत्र अगदी कमी, तशीच बोदात (वेलीखालच्या मातीच्या वरंब्यात) घातली तर कुजताना जीवाणू वेलीच्या वाटचं नत्र ओढून घेतात, म्हणून शेणखत किंवा कोंबडखत मिसळून आधी कुजवून घ्या. भुरी, डाऊनी किंवा कुठला बुरशीचा रोग जोरात असलेल्या काड्या मात्र नीट तापलेल्या ढिगात कुजल्याशिवाय परत बागेत नकोत. रॉक फॉस्फेट आम्लधर्मी जमिनीत विरघळतं, सामू ८ च्या वर असेल तर जवळजवळ पडूनच राहतं, स्वस्त असलं तरी ते पैसे वायाच.

प्रश्न : सिन्नरकडे एक माणूस कार्बन क्रेडिटचा करार घेऊन आला होता. खरंच पैसे मिळतात का?

उत्तर : भाऊ, एक क्रेडिट म्हणजे १ टन कार्बन डायऑक्साइड हवेत कमी केल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र. वर सांगितलेला ८०० किलो कर्ब म्हणजे जवळपास ३ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकरी ३ क्रेडिट, तेही इतकी वाढ व्हायला काही वर्षं लागतात तेव्हा. त्याला तीन गोष्टी विचारा, सुरुवातीची माती तपासणी कोण करणार आणि खर्च कोणाचा, जमीन किती वर्षं बांधली जाणार, आणि मध्येच नांगरट केली किंवा पीक बदललं तर काय. उत्तरं कागदावर लिहून मिळाल्याशिवाय सही करू नका.