वाचक विचारतात : दक्षिण हॉलंडची दाटी

प्रश्न : मुलगी डेल्फ्टला एम.एस्सी. करायला निघाली आहे. दक्षिण हॉलंड हा नेदरलँड्समधला सर्वांत दाट वस्तीचा प्रांत, असं वाचलं. मुंबईसारखी गर्दी समजायची का? शिवाय तो समुद्रसपाटीच्या खाली आहे म्हणतात. मग तळमजल्याची खोली टाळावी का?
(पालक, जुळे सोलापूर)

उत्तर : आपला सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ४३ लाख. तिकडे पाणी वगळता जमीन जेमतेम २,७०० चौरस किलोमीटर, आणि माणसं सुमारे ३८ लाख. आपल्याकडे चौरस किलोमीटरला २९० माणसं, तर तिथे १,४००च्या घरात. तरीही मुंबई डोळ्यांसमोर आणू नका. रॉटरडॅम, द हेग, डेल्फ्ट, लायडन, दोर्द्रेख्त अशी सुटी सुटी शहरं आहेत आणि मधे गाईंची कुरणं, वेस्टलंडकडे तर नजर जाईल तिथवर काचेची हरितगृहं. रॉटरडॅम ते द हेग अंतर पंढरपूर-मंगळवेढ्याएवढं, आणि डेल्फ्ट त्यांच्या मधोमध. त्यामुळे डेल्फ्टमध्येच खोली मिळावी म्हणून अडून बसू नका. दोन्ही शहरांतून रेल्वेने रोज जाता येतं. फक्त स्टेशनात शिरताना लावलेलं कार्ड बाहेर पडतानाही लावायचं. विसरलं की जास्तीचे पैसे कापले जातात.

खोली बघताना पत्त्याची नोंदणी करता येईल ना, हे आधी विचारा. चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची असते. त्यातून मिळणाऱ्या नागरिक क्रमांकावाचून पुढची बरीच कामं अडतात. ‘नोंदणी चालणार नाही’ म्हणणाऱ्या घरमालकाची खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

आता पाण्याचं. रॉटरडॅमच्या ईशान्येला जमीन समुद्रसपाटीच्या तब्बल ६.७६ मीटर खाली आहे. अशा बांध घातलेल्या सखल जमिनीला पोल्डर म्हणतात. पावसाचं आणि झिरपलेलं पाणी आधी चरांत उतरतं, तिथून पंपाने वरच्या कालव्यात चढवतात, मग नदीत किंवा समुद्रात सोडतात. पूर्वी हे काम पवनचक्क्या करत. किंडरडाइकला १९ चक्क्या अजून उभ्या आहेत. या कामासाठी निवडून आलेली वेगळी जलमंडळं असतात आणि त्यांची वेगळी करपट्टी येते. स्वतंत्र घर भाड्याने घेतलं तर ती भाडेकरूच्याही नावाने येते. फसवणूक समजून फेकून देऊ नका. (आपण उजनीचं पाणी शहरापर्यंत आणायला पंप चालवतो, तिथले लोक पाणी बाहेर घालवायला!)

समुद्राची धास्ती खरी होती. १९५३च्या पुरात देशात १,८३६ माणसं गेली. आता रॉटरडॅमच्या जलमार्गावर १९९७पासून मास्लांट अडथळा आहे. प्रत्येकी २१० मीटर लांबीची दोन दारं एरवी काठाला असतात. पाणी तीन मीटरवर चढण्याचा अंदाज आला की ती तरंगत मधे येतात, पोटात पाणी भरून तळाला बसतात. तेव्हा केवळ समुद्राच्या भीतीने तळमजला नाकारू नका.

घरांना खरा त्रास जमिनीचा आहे. बराच भाग पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा. पाणी उपसलं की तिच्यात हवा शिरते, ती कुजते आणि जमीन खचते. खचली की पाणी आणखी खाली न्यावं लागतं. जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब पाण्यात बुडालेले असले की शतकानुशतकं टिकतात, पण भूजल उतरून डोकी उघडी पडली की बुरशी धरते. काळ्या रानातल्या घराला उन्हाळ्यात तडे जातात ना, दिसायला तसंच : भिंतीला पायऱ्यांसारखी चीर, दार अडकणं, फरशीवरून गोटी घरंगळणं. भाडेकरूला याची फार चिंता नाही, पण पुढेमागे घर विकत घ्यायचं झालं तर पायाचा तपासणी अहवाल पाहिल्याशिवाय सही नको.

प्रश्न : हॉलंड आणि नेदरलँड्स एकच ना?
(विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : नाही. देशात १२ प्रांत आहेत. हॉलंड हा त्यांतला एक भाग; जुन्या हॉलंड प्रांताचे १८४०मध्ये उत्तर आणि दक्षिण असे दोन झाले. राजधानी ॲमस्टरडॅम उत्तरेत, पण सरकार, संसद आणि भारतीय दूतावास दक्षिणेतल्या द हेगमध्ये.

प्रश्न : आमचे टॉवेल रॉटरडॅमला जातात. गिऱ्हाईक म्हणतं, कंटेनर शहरात नाही, लांब आहे. हे कसं?
(कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : गिऱ्हाईक बरोबर सांगतंय. बंदर शहरापासून समुद्राच्या तोंडापर्यंत सुमारे ४० किलोमीटर पसरलंय. मोठी कंटेनर जहाजं टोकाच्या मास्व्लाक्टेला लागतात. ती जमीन समुद्रात भर घालून केलेली, तिचा दुसरा टप्पा २०१३मध्ये सुरू झाला. म्हणून बिलावर नुसतं ‘रॉटरडॅम’ असेल तर टर्मिनलचं नाव विचारून घ्या, आणि भाव बंदरपोच आहे की गोदामपोच हे लेखी ठरवा. पुढची वाहतूक ट्रक, रेल्वे किंवा बार्जने (सपाट बुडाच्या मालवाहू बोटीने) होते. बार्ज स्वस्त पण सावकाश. वादळी वाऱ्यात क्रेन थांबतात आणि मागे रांग लागते, त्यामुळे हिवाळ्यातल्या मालाला दोन-चार दिवस जादा धरा. कंटेनर बंदरात ठेवण्याचे मोफत दिवस संपल्यावर लागणारं डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, कोणी भरायचा, तेही सौद्यातच लिहून घ्या.