गाडी उभी असताना चाकातल्या सेन्सरची बॅटरी कशी वाचवावी?

तुमचा प्रश्न असा आहे : टायरमधल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर गाडी थांबली की बंद करावा का, आणि केला तर सिग्नलला थांबलेली गाडी आणि रात्रभर लावून ठेवलेली गाडी यांतला फरक त्याला कसा कळणार? मी बॅटरीवर चालणारी अशीच सर्किटं बनवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्ण बंद करू नका, झोपवा, म्हणजे अगदी कमी विजेवर नाममात्र चालू ठेवा. आणि सगळी मेहनत झोपेतला करंट कमी करण्यावर घ्या.

आधी हिशेब. सीआर २०३२ या नाण्यासारख्या चपट्या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. १० वर्षं म्हणजे ८७,६०० तास. भागाकार केला की सरासरी फक्त २.५ मायक्रोअँपिअर हाती येतात. आता रेडिओ एका वेळी १० मिलिअँपिअर, १० मिलिसेकंद घेतो असं धरा. तो दर मिनिटाला, चोवीस तास पाठवत राहिला तर १.७ मायक्रोअँपिअर तिथेच संपले. गाडी दिवसाला दोन तास धावते आणि तेवढ्याच वेळात पाठवलं, तर हाच आकडा ०.१४ वर येतो. म्हणजे रेडिओचा प्रश्न सुटला. उरलेले बावीस तास सर्किट काय पितं, तेच खरं बॅटरीचं आयुष्य ठरवतं.

गाडी चालतेय हे ओळखायला चाकातलाच ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारी चिप, पुरतो. रिमजवळ, अक्षापासून सुमारे २० सेंटीमीटरवर बसवलेल्या सेन्सरला ताशी ३० किलोमीटरला गुरुत्वाच्या साधारण १५ पट त्वरण जाणवतं. ताशी ५ किलोमीटरला मात्र ते अर्ध्या पटीच्याही खाली असतं, आणि चाक फिरताना गुरुत्वच एक पट उलटसुलट होत राहतं, त्यामुळे त्या गोंधळात ते हरवतं. म्हणून गाडी चालू लागली असं समजायचा उंबरठा ५ पटींच्या आसपास ठेवा. झोपेत दर १०-१५ सेकंदांनी त्वरण एकदा मोजलं तरी भरपूर झालं.

सिग्नलचं उत्तर यातच आहे : जागं व्हायचं लगेच, झोपायचं सावकाश. सलग १५ मिनिटं हालचाल नसेल तरच गाडी लावून ठेवली असं समजा. झोपेतही दाब अधूनमधून मोजाच, नाहीतर रात्रीत बसलेला टायर सकाळी कळणार नाही. दाब अचानक उतरला तर लगेच पाठवा. पण तेव्हा गाडीतला रिसीव्हर स्वतःच झोपलेला असू शकतो, म्हणून चाक फिरायला लागताच तोच निरोप पुन्हा चारपाच वेळा पाठवा.

आता गळती, म्हणजे काम नसतानाही वाया जाणारा करंट. बहुतेक डिझाइनं इथेच मार खातात. दाब मोजणारा रोधांचा ब्रिज ५ किलोओहमचा असेल आणि ३ व्होल्टवर कायम जोडलेला असेल, तर ६०० मायक्रोअँपिअर सतत जातात, तुमच्या मर्यादेच्या २४० पट! त्याला ट्रान्झिस्टरमधून फक्त मोजणीपुरती वीज द्या. चिपच्या मोकळ्या सोडलेल्या पिना आणि पुल-अप रोधही (पिनेला पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारे रोध) एकेक करून तपासा.

गाडीच्या १२ व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरांचं गणित वेगळं आहे. चाकाचा वेग मोजणारे हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारे) ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांवर सिग्नल देतात, पण किल्ली बंद झाली की त्यांचा पुरवठाच तुटतो. तिथे चिंता न झोपणाऱ्या कंट्रोल युनिटची असते : ५० मिलिअँपिअर सतत गेले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास.

टायरच्या सेन्सरचा करंट मोजताना मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावला तर त्याचा आतला रोध मोठा असतो; रेडिओ चालू होताच व्होल्टेज पडून सर्किट रीसेट होतं आणि आकडे भलतेच दिसतात. लहान रोध सिरीजमध्ये टाकून त्यावरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा.

कडाक्याच्या थंडीत सेलचा आतला रोध वाढतो आणि नेमकं पाठवताना व्होल्टेज कोसळतं. त्यासाठी सेलला समांतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावता येतो. मात्र साध्या इलेक्ट्रोलिटिकची स्वतःची गळतीच काही मायक्रोअँपिअर असू शकते, तेव्हा डेटाशीटमधला गळतीचा आकडा बघूनच तो निवडा.