पायथॉनने मराठी नावांची प्रमाणपत्रं एसव्हीजीमध्ये कशी बनवून सेव्ह करावीत?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: एक्सेलमध्ये ४०० नावं आहेत, प्रत्येकाचं प्रमाणपत्र पायथॉनने एसव्हीजी म्हणून बनवायचंय. पण फाइल ब्राउझरमध्ये उघडली की चित्राऐवजी टॅगांची यादी दिसते, आणि कैरोएसव्हीजी या पायथॉन लायब्ररीने पीडीएफ केली की जोडाक्षरं फुटतात. दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

पहिलं सोपं. एसव्हीजी म्हणजे साध्या मजकुरात, एक्सएमएलच्या टॅगांमध्ये लिहिलेलं चित्र. सर्वात बाहेरच्या एसव्हीजी टॅगवर नेमस्पेस (हे टॅग एसव्हीजीचे आहेत हे सांगणारा, वेबपत्त्यासारखा दिसणारा ठरलेला मजकूर) लिहिलेली नसेल तर ब्राउझरला ते चित्र आहे हेच कळत नाही. नेमस्पेस लिहिताना सुरुवातीला एचटीटीपीच ठेवा. सवयीने पुढे एस जोडलात तर चालणार नाही, कारण तो पत्ता कुणी उघडत नसतं, अक्षर न् अक्षर जुळतंय का एवढंच बघतात.

आता माझं मत. चौकट, बोधचिन्ह, सह्यांच्या रेघा हे सगळं कोडने काढत बसू नका. इंकस्केप या एसव्हीजी चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये एकदाच ए-फोर आकाराचा, २९७ बाय २१० मिलिमीटरचा आडवा नमुना करा आणि कोडकडे फक्त नाव भरायचं काम द्या. नावासाठी टेक्स्ट टूलने नुसतं क्लिक करून टाइप करा, चौकोन ओढू नका. ओढलेल्या चौकोनातला मजकूर इंकस्केप वेगळ्या पद्धतीने साठवतं आणि तो इतर प्रोग्रॅममध्ये नीट दिसेलच असं नाही. मजकूर मध्यावर जुळवून ठेवा, म्हणजे नाव लहान असो की मोठं, मधोमध बसेल. मग एक्सएमएल एडिटर उघडून आयडी द्या, पण तो टेक्स्ट टॅगला नव्हे, त्याच्या आतल्या टीस्पॅन टॅगला. अक्षरं तिथे असतात. बाहेरच्या टॅगचा मजकूर बदललात तर जुनं नाव जागच्या जागी राहतं आणि नवीन त्याच्यासोबत येतं.

कोडमध्ये पायथॉनसोबत येणारं, एक्सएमएल वाचणारं-लिहिणारं एलिमेंटट्री पुरेसं आहे. नमुना वाचायचा, आयडीवरून टीस्पॅन शोधायचा, नाव घालायचं, लिहायचं. वाचण्याआधी रजिस्टर-नेमस्पेस वापरून एसव्हीजीची नेमस्पेस रिकाम्या उपसर्गाने नोंदवा, नाहीतर प्रत्येक टॅगच्या नावाआधी एनएस-शून्य चिकटतं. स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून फाइल बनवायचा मोह टाळा. यादीत ‘पाटील & सन्स’ असं एक नाव निघालं की त्या & मुळे ती फाइल उघडणारच नाही. एलिमेंटट्री त्याची काळजी आपोआप घेतं.

सेव्ह करताना एलिमेंटट्रीच्या राइट फंक्शनला एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे सांगा आणि एक्सएमएल डिक्लरेशन, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी फाइलची पहिली ओळ, चालू ठेवा. न सांगितल्यास मराठी अक्षरांच्या जागी आकड्यांचे कोड लिहिले जातात. चित्र बरोबर दिसतं, पण फाइल डोळ्यांनी तपासता येत नाही. फाइलला अनुक्रमांकाचं नाव द्या, माणसाचं नको. दोन ‘संजय पाटील’ असले तर दुसरा पहिल्याला पुसून टाकेल.

आणि हो, ती नावं एखाद्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात आली असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्याशिवाय पुढचं काहीच चालणार नाही.

आता जोडाक्षरं. देवनागरीत अक्षरांची मांडणी करायला शेपिंग करणारा, म्हणजे जोडाक्षरं जुळवून वेलांट्या जागेवर बसवणारा प्रोग्रॅम लागतो. तुम्ही वापरलेलं कैरोएसव्हीजी मजकुरासाठी कैरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीची साधी सोय वापरतं, तिच्यात शेपिंग नाही. म्हणून ‘प्रतिभा’मध्ये पाय मोडलेला प, सुटा र आणि त च्या नंतर गेलेली वेलांटी दिसते. फॉन्ट बदलून उपयोग नाही. पीडीएफ इंकस्केपच्याच कमांड लाइनवरून करा आणि ‘टेक्स्ट टू पाथ’चा पर्याय लावा. मग प्रत्येक अक्षर आकृती बनतं. प्रेसवाल्याकडे मुक्ता किंवा नोटो हे फॉन्ट असोत-नसोत, त्याने कोरलमध्ये उघडलं तरी नाव हलत नाही. अर्थात नंतर स्पेलिंग दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ एसव्हीजी जपून ठेवा.

लांब नावांचा प्रश्न राहतो. एसव्हीजीमध्ये मजकुराची रुंदी ठरवून देणारं टेक्स्टलेंग्थ आहे, पण ते नेहमीच्या सेटिंगला अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करतं आणि अंतर वाढलं की शिरोरेषा तुटते. त्यापेक्षा नाव लांब असेल तर फॉन्टचा आकार कोडनेच एक पायरी कमी करा. पण लांबी मोजताना पायथॉनच्या लेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शनवर विसंबू नका. ‘क्षितिज’ डोळ्यांना तीन अक्षरं, लेनला सात. पिलो या चित्रांच्या पायथॉन लायब्ररीला राक्म ही शेपिंगची लायब्ररी जोडलेली असेल तर त्याच्याकडून खरी रुंदी मिळते.

शेवटी वेळेचं. प्रत्येक फाइलसाठी इंकस्केप नव्याने सुरू केलंत तर ४०० प्रमाणपत्रांना बराच वेळ जाईल. एकाच कमांडला अनेक फाइली देता येतात, पन्नास-पन्नासचे गट करून द्या.