जोड कुठे आहे ते शोध

प्रिय पोरी,

तुझी वही एसटीच्या पार्सलने परवा मिळाली. छत्तीस चित्रकार, प्रत्येकाची तीन-चार कामं कापून चिकटवलेली आणि बाजूला तुझ्या बारीक अक्षरातली टिपणं. दोन संध्याकाळी तेवढंच पाहत बसलो. शेवटच्या पानावर मात्र “सर, यातली कोणती स्टाईल घेऊ?” हे वाचलं आणि वही मिटून चहा ठेवायला उठलो. स्टाईल काही घ्यायची नसते गं, भाजी आहे का ती?

तुझ्या टिपणांत ‘रंगसंगती सुंदर’ सतरा वेळा आहे (मोजलं मी). ‘रिपीट कुठून सुरू होतं’, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा कुठे जोडला आहे, हे एकदाही नाही. इलस्ट्रेटर आणि कापडाचे पॅटर्नवाले तू एकाच वहीत घातलेस, पण दोघांची डोकेदुखी वेगळी. फ्रेंच इलस्ट्रेटर मलिका फाव्र मोजक्या सपाट रंगांत अर्धी बाई काढते आणि उरलेली कोऱ्या जागेवर सोडते. तिला ते परवडतं, कारण तिचं चित्र चौकटीत संपतं. कापडाला चौकट नाही. उजवीकडून बाहेर पडलेली फांदी डावीकडून आत यायला हवी, खाली तुटलेलं पान वर पुरं व्हायला हवं. फूल कोणीही काढतं, पॅटर्नवाल्याचा कस जोडावर लागतो.

म्हणून वहीतली पॅटर्नची कामं पुन्हा उघड आणि वर ट्रेसिंग पेपर ठेव. एकच खूण निवड, एखाद्या पाकळीचं टोक किंवा पक्ष्याचा डोळा, आणि ती जिथे जिथे परत येते तिथे पेन्सिलने टिंब दे. मग टिंबं जोड. सरळ चौकोन पडले तर साधं रिपीट. शेजारची उभी रांग अर्ध्याने खाली घसरलेली दिसली तर हाफ ड्रॉप. इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिसचं १८८३ चं स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचं कापड तुझ्याकडे आहेच. त्यात पक्षी समोरासमोर आहेत, म्हणजे अर्धं डिझाईन आरशातलं. हे कळलं की त्याने प्रत्यक्षात किती काढलं आणि किती नुसतं उलटवलं ते दिसतं. पक्षी त्याच्या घरच्या बागेतले, खरेच चोर. नीळ मात्र त्याने आधी सगळ्या कापडावर चढवली आणि मग हवी तिथे उडवली. त्या निळ्याचं कौतुक तू केलंस, तो निळा कसा आला ते विचारलं नाहीस.

दुसरा उद्योग हाताने कर, आयपॅड बाजूला ठेवून. वीस सेंटिमीटरचा चौकोनी कागद घे आणि कडांना न शिवता मधोमध चित्र काढ. कागद उभा कापून डावा तुकडा उजवीकडे नेऊन ठेव, मागून चिकटपट्टी लाव. आता आडवा काप, वरचा खाली. तुझं चित्र चार कोपऱ्यांत गेलं आणि मधे पडली पोकळी. ती भरताना घाम फुटतो. फोटोशॉपमध्ये ऑफसेट नावाचा फिल्टर हेच एका झटक्यात करतो, पण पहिल्या दहा वेळा कात्रीच बरी. इंटरमीजिएटला संकल्पचित्राचा पेपर दिलाच होतास, तेव्हा आपण कागदाच्या कडेशी थांबायचो. आता कडेपासून सुरुवात.

हे मला कोणी शिकवलं नाही. सुरतेला एका मिलमध्ये नवा असताना गुलाबाचा एक जाळ, म्हणजे कापडभर पसरणारं डिझाईन, दिला होता, अकरा रंगांचा. टेबलावर फार देखणा दिसला. रोटरी छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, म्हणजे फिरणारं जाळीदार नळकांडं, लागतो आणि स्क्रीनचा घेर साधारण चौसष्ट सेंटिमीटर, म्हणजे डिझाईन त्या मापात बसलंच पाहिजे. मला दोन्हींचा पत्ता नव्हता. रंग खरडून सहावर आणले, माप कसंबसं बसवलं आणि तागा छापून निघाला. मशीनवरचा मास्तर आपल्या अमळनेरकडचा. त्याने कापड हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, “भाऊ, हाई काय शे?” फुलांच्या मधून पांढरी वाट आडवी गेली होती, दर चौसष्ट सेंटिमीटरला एक. जवळून ती दिसतच नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक डिझाईन नऊ वेळा शेजारी-शेजारी लावतो आणि खोलीच्या दारातून बघतो.

डिजिटल छपाईत रंगांची ती अट राहिली नाही. तरी तू सहा रंगांत काम करून बघ. का ते हात सांगेल.

आता विषयाचं. तुझ्या चार डिझाईन्समध्ये वारली माणसं नाचतायत. वारली पालघरकडची, तिथल्या बायका लग्नाचा चौक लिहितात. आपलं गाव खानदेशात म्हणून ‘महाराष्ट्रीय’ दिसायला त्यांना का बोलावतेस? कपाशीचं उमललेलं बोंड तू लहानपणापासून वेचलंस. त्याची चार-पाच कप्प्यांची रचना, मागे वळलेली वाळकी साल, मधेच एखादा किडका काळा कप्पा. तो काळा कप्पाही घे. सगळी बोंडं सारखी शुभ्र केलीस तर ते आंघोळीच्या साबणाचं वेष्टन होईल.

नक्कल करू की नको, हा तुझा दुसरा प्रश्न. कर की. मुंबईच्या जेजे कला विद्यालयातला जॉन ग्रिफिथ्स तिथली पोरं घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भिंती उतरवत होता. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच, पुढे नावाजलेले चित्रकार झाले. जळगावहून फर्दापूरला उतरलं की लेणी जवळच. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात लोक भिंती बघून निघून जातात, तू मान वर कर. छतावरच्या चौकटींत कमळं, फळं, पक्षी आहेत. दुरून एकसारख्या वाटतात, जवळून हात फिरलेला दिसतो. अशी नक्कल वहीत ठेवायची, विकायची नाही.

विकण्याचं आलंच, तर एवढं पक्कं लक्षात ठेव. डिझाईन कायद्यात नोंदवता येण्याजोगं काम तू नोंदवलं नाहीस आणि तू किंवा तुझ्या परवानगीने कोणी कारखान्यात त्याचे पन्नासहून जास्त नग काढले, तर त्या डिझाईनवरचा तुझा कॉपीराइट संपतो. नोंदणीने दहा वर्षं मिळतात, मग अर्ज केला तर आणखी पाच. नोंदणीआधी इन्स्टाग्रामवर टाकलंस तर ते ‘नवीन’ राहत नाही. कॉपीराइटचा हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, म्हणून मुदत तूच लिही. मी माझे पहिले चाळीस कागद सही करून एकदम देऊन टाकले होते. त्यांतलं एक डिझाईन परवा धुळ्यात एका लग्नात भेटलं. नवरीच्या मावशीच्या अंगावर. साडी छान होती.

दिवाळीच्या सुट्टीत ये. येताना कात्री, ट्रेसिंग पेपर आणि बोंडासकट कपाशीची एक फांदी आण. चिकटपट्टी कागदी आण, चकचकीत नको, तिच्यावर पेन्सिल चालत नाही.

तुझा,
सर